दुर्बिणीतून गुडघा : डॉक्टरांचा हात तयार होतो कसा?

मे २०१९ मध्ये नीरज चोप्राच्या कोपरावर मुंबईत दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने टोकियोत भाल्याचं सुवर्णपदक जिंकलं. ऋषभ पंतच्या गुडघ्याचे बंध डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातात तुटले. त्याची शस्त्रक्रियाही मुंबईतच झाली. मार्च २०२४ मध्ये तो पुन्हा यष्टींमागे उभा राहिला. अशा बातम्या आल्या की आमच्या सांगलीकडच्या कबड्डी संघांत एक प्रश्न हमखास निघतो, आणि मागच्या वर्षी तो माझ्या बहिणीनेच मला विचारला. "दादा, ऑपरेशन दुर्बिणीचंच ना रे? मग कुणी पुन्हा खेळतं आणि कुणाचा गुडघा कायमचा जातो, असं का?"

तिचा मुलगा २१ वर्षांचा. चढाईत बोनस घेऊन मागे वळताना त्याचा उजवा पाय मॅटला चिकटून राहिला आणि अंग तेवढं फिरलं. 'कट्' असा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगला होता.

मी डॉक्टर नाही, आरोग्यावर लिहितो. पण बहिणीला उत्तर द्यायचं म्हणून सर्जनना भेटलो, ते शिकतात त्या कार्यशाळेत दिवसभर बसलो. तिथे कळलं ते असं, की दुर्बीण सगळीकडे जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो ती धरणाऱ्या हाताचा, ऑपरेशन करायचं की नाही या निर्णयाचा आणि त्यानंतरच्या महिन्यांचा.

गुडघ्यात तुटतं तरी काय?

खुब्याचा सांधा उखळात मुसळ बसावं तसा खोबणीत बसलेला असतो. गुडघ्याला अशी खोबण नाही. मांडीच्या हाडाची गोल टोकं नडगीच्या हाडाच्या सपाट माथ्यावर नुसती टेकलेली असतात, पाट्यावर वरवंटा ठेवावा तशी. गुडघा वाकवताना तो वरवंटा पाट्यावर थोडा गडगडतो, थोडा घसरतो. तो पडत नाही, कारण त्याला चार मुख्य लिगामेंट बांधून धरतात. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा, पुढे मी त्याला बंध म्हणेन. दोन बंध बाजूंना असतात आणि दोन आत, एकमेकांना फुलीसारखे छेदून जाणारे. आतल्या दोघांतला पुढचा तो एसीएल. नडगी पुढे सरकू न देणं आणि वळताना गुडघ्याला पीळ बसू न देणं हे त्याचं काम. चढाईपटू जिथे वळतो तिथे नेमका त्याच्यावर ताण येतो.

पाटा आणि वरवंटा यांच्यामध्ये दोन गाद्या असतात. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. घागरीखाली डोक्यावर चुंबळ ठेवतात ती आठवा. गोल बुडाची घागर चुंबळीमुळे हलत नाही आणि भारही सगळीकडे वाटला जातो. गादीचं काम अगदी तेच. एकेकाळी फाटलेली गादी सर्रास पूर्ण काढून टाकत. असे गुडघे पुढे लवकर झिजतात हे १९४८ मध्ये फेअरबँक या ब्रिटिश सर्जनने एक्स-रेवरून दाखवलं, तरी ती सवय सुटायला काही दशकं गेली. आज जमेल तिथे गादी शिवतात. न जमल्यास फाटका तुकडा तेवढाच काढतात.

इथे एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुरगळल्यानंतर काही तासांतच गुडघा फुगला, तर बहुतेक वेळा आत रक्त साचलेलं असतं, आणि रक्त साचण्याचं मोठं कारण एसीएल तुटणं हे आहे. अशा गुडघ्याला मालीश करू नये, हिसका देऊन 'बसवायचा' प्रयत्नही करू नये. भाच्याला मैदानावर दोघांनी धरून पाय ओढला होता. प्रेमापोटीच ओढला होता, पण त्या ओढण्यात शाबूत गादीही फाटू शकते.

ही दुर्बीण आली कुठून?

या शस्त्रक्रियेचं नाव आर्थ्रोस्कोपी. 'आर्थ्रॉन' म्हणजे ग्रीक भाषेत सांधा, 'स्कोपीन' म्हणजे पाहणं. १९१८ मध्ये टोकियोत केन्जी ताकागी यांनी मूत्राशय पाहायची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्या काळी क्षयाने जपानमध्ये गुडघे आखडत. जिथे बसणं, जेवणं, नमस्कार करणं सगळं गुडघे मोडून चालतं, तिथे आखडलेला गुडघा म्हणजे माणूस घरातल्या पंगतीतूनच उठल्यासारखा. रोग आतून लवकर दिसावा ही ताकागींची धडपड होती. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी दुर्बीण सुधारली आणि १९६२ मध्ये तिच्यातून पाहत फाटक्या गादीचा तुकडा काढला. १९६४ मध्ये कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन टोकियोला आले, वातानाबेंकडे ही विद्या शिकले आणि तिकडे घेऊन गेले.

हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण ही विद्या पहिल्यापासून अशीच पसरली आहे. जॅक्सनना समुद्र ओलांडून जाऊन वातानाबेंच्या शेजारी उभं राहावं लागलं. आजही पुस्तक वाचून ती येत नाही.

पडद्याकडे बघत हात चालवायचा म्हणजे काय?

गुडघ्याच्या दुर्बिणीची नळी सुमारे ४ मिलिमीटर जाडीची असते, साध्या पेन्सिलीहून बारीक. वाटीच्या खाली, एका बाजूला छोटी चीर देऊन ती आत जाते. दुसऱ्या बाजूच्या चिरेतून अवजार जातं. सांधा फुगलेला राहावा आणि चित्र स्वच्छ दिसावं म्हणून आत सलाईनचं पाणी खेळतं ठेवतात. सर्जन गुडघ्याकडे पाहतच नाही, समोरच्या पडद्याकडे पाहतो.

कार्यशाळेत मला प्लॅस्टिकचा गुडघा दिला. डाव्या हातात कॅमेरा, उजव्या हातात टोकाशी वाकवलेला आकडा. आत बसवलेल्या रबरी गादीच्या कडेला तो आकडा टेकवायचा, एवढंच काम. पहिली दोन मिनिटं पडद्यावर आकडा दिसलाच नाही. तो आतच होता, पण माझा कॅमेरा भलतीकडे. दिसला तेव्हा मी घाईने पुढे सारला आणि गादीऐवजी हाडावरच्या गुळगुळीत अस्तराला ओरखडा पडला. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "हात थांबवा. आधी कुठे आहात ते बघा, मग हलवा."

दोन वेगवेगळ्या जागांहून आत गेलेले कॅमेरा आणि अवजार एका बिंदूवर आणून भेटवायचे, हा या विद्येचा पहिला धडा. भर म्हणून दुर्बिणीची काचही सरळ नसते. ती ३० अंश तिरकी असते, म्हणजे नळी जिकडे रोखलेली असते त्याच्या थोडं बाजूचं दिसतं. नवख्याला हा वैताग वाटतो, पण खुबी त्यातच आहे. नळी जागची न हलवता नुसती फिरवली तरी कोपऱ्याआडचं दिसतं. फिरवताना कॅमेरा मात्र सरळ धरावा लागतो, नाहीतर पडद्यावरचं वर-खाली बदलतं आणि डोकं गरगरतं. माझं गरगरलं.

प्लॅस्टिकवरचा ओरखडा पुसता येतो. खऱ्या गुडघ्यातलं ते अस्तर म्हणजे कूर्चा, आणि कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिथे पडलेला ओरखडा कातडीवरच्या जखमेसारखा भरून येत नाही. बाहेरून दोन टाकेच दिसतात आणि घरचे म्हणतात, छोटंसंच ऑपरेशन होतं. भोक छोटं असतं हे खरं. आत चुकायला जागा त्याहूनही कमी असते.

अस्थिरोगतज्ज्ञ झाला की हे येत नाही का?

एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, मग अस्थिरोगात एमएस किंवा डीएनबीची तीन वर्षं. एवढं झालं की डॉक्टर पूर्ण अस्थिरोगतज्ज्ञ असतो. पण ही तीन वर्षं तो कुठे घालवतो हे पाहा. मोठ्या सरकारी रुग्णालयात रात्रंदिवस रस्त्यावरचे अपघात येतात. मांडीचं हाड, नडगी, मनगट, खुबा. मोडलेली हाडं सांधण्यात हा तरुण डॉक्टर पक्का तयार होतो. दुर्बिणीच्या वाट्याला येणारे तास त्या मानाने थोडे.

म्हणून पुढे फेलोशिप असते. फेलोशिप म्हणजे एकाच विषयातल्या अनुभवी सर्जनच्या हाताखाली सहा महिने, वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ केलेलं काम. विद्यापीठांच्या, राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या आणि मोठ्या रुग्णालयांच्या अशा फेलोशिप आहेत. दिल्लीत सफदरजंग रुग्णालयात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी खास क्रीडा दुखापतींचं केंद्र उभं राहिलं, तिथेही हे काम चालतं.

फेलो पहिल्या दिवशी गुडघा उघडत नाही. आधी तो पाय धरतो, टेबलावर रुग्णाची मांडणी कशी करायची ते शिकतो. मग कॅमेरा धरतो आणि सांध्याची फेरी मारतो. वाटीच्या मागून सुरुवात, मग बाजूचे कप्पे, आतली गादी, मधले बंध, बाहेरची गादी. दर वेळी हाच क्रम, म्हणजे काही पाहायचं राहत नाही. पुढे गादीचा फाटका तुकडा कापणं, गादी शिवणं आणि मग एसीएल.

एसीएलपाशी थोडं थांबतो, कारण शिकलेल्या हाताचा खरा कस तिथे लागतो. पूर्ण तुटलेला एसीएल टाके घालून सहसा जुळत नाही, म्हणून त्याच्या जागी नवा बांधतात. रुग्णाच्याच मांडीमागची शीर, म्हणजे स्नायूचं दोरीसारखं टोक, काढून घेतात, किंवा वाटीखालच्या शिरेची पट्टी. हा ग्राफ्ट. बाजूच्या टेबलावर तो साफ करतात, घडी घालून दुहेरी-चौपदरी करतात, टाक्यांनी गुंफतात आणि वेगवेगळ्या मापांच्या भोकांतून ओढून जाडी पाहतात. तरुण खेळाडूत ८ मिलिमीटरपेक्षा बारीक ग्राफ्ट पुन्हा तुटण्याचा धोका जास्त असतो. त्यामुळे इथे मापाला फार महत्त्व.

मग दोन्ही हाडांत बोगदे पाडून ग्राफ्ट ओढून बसवायचा. बोगदा कुठे पाडायचा यावर पुढचं सगळं अवलंबून. घरातला झोपाळा आठवा. कड्या कितीही मजबूत असल्या तरी तुळईतले हूक चुकीच्या जागी ठोकले तर झोपाळा तिरकाच जाणार. मांडीच्या हाडातला बोगदा काही मिलिमीटर पुढे गेला, तर गुडघा वाकवताना ग्राफ्ट एका जागी ताणला जातो आणि दुसऱ्या जागी ढिला पडतो. नवा एसीएल निकामी होण्याची तांत्रिक कारणं तपासली, तर चुकलेला बोगदा त्यांत वरच्या क्रमांकावर सापडतो. जुन्या बंधाचे उरलेले धागे, हाडावरचा बारीक उंचवटा या खुणा ओळखून जागा ठरवावी लागते, आणि प्रत्येक गुडघ्यात त्या जरा वेगळ्या असतात. इथे नजर तयार व्हायला माणसाला बरेच गुडघे पाहावे लागतात.

म्हणजे आमच्या पोरांवर हात साफ करतात?

बहिणीने हे अगदी असंच विचारलं होतं, आणि तिचा राग मला समजतो. पण नवशिक्याला माणसावर सोडून देणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. प्लॅस्टिकचे गुडघे असतात, संगणकावरचे आभासी गुडघे असतात. संगणक तर हिशेबच मांडतो. काम किती वेळात झालं, अवजार आत किती भटकलं, कूर्चेला किती वेळा लागलं. आकडे सुधारल्याशिवाय पुढची पायरी नाही.

त्यानंतरची पायरी मृतदेहाची. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला देह ताठ होतो, त्याचा गुडघा नीट वाकत नाही. म्हणून अशा कार्यशाळांत गोठवून जपलेले किंवा मऊ राहतील अशा पद्धतीने राखलेले अवयव वापरतात. मी गेलो त्या दिवशी काम सुरू होण्याआधी सगळे डॉक्टर टेबलांभोवती हात बांधून एक मिनिट उभे राहिले. महाराष्ट्रात देहदानाचा कायदा १९४९ पासून आहे आणि गावोगावचे कार्यकर्ते त्याचे अर्ज भरून घेतात. देह मेडिकल कॉलेजला दिला म्हणजे पहिल्या वर्षाची मुलं शरीररचना शिकतील, एवढंच मला वाटत होतं. त्या देहावर सर्जनही बोगद्याची जागा शिकतो, हे त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं. ताकागींनाही वाट दाखवली होती ती एका मृतदेहानेच.

खऱ्या रुग्णावर फेलो काम करतो तेव्हा शिकवणारा सर्जन हातभर अंतरावर, हातमोजे घालून उभा असतो. तरीही कोण काय करणार आहे हे विचारायचा हक्क रुग्णाला आहे. "डॉक्टर, बोगदे तुम्ही स्वतः पाडणार का?" हा प्रश्न उद्धट नाही. चांगले सर्जन त्याचं सरळ उत्तर देतात.

एमआरआयमध्ये फाटलेलं दिसतंय, मग ऑपरेशन नको का?

प्रशिक्षणाचा हा भाग बाहेरच्यांना दिसत नाही, पण मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. दुर्बीण केव्हा हातात घ्यायची नाही, हेही शिकावं लागतं.

अमेरिकेत ह्यूस्टनला २००२ मध्ये एक धाडसी अभ्यास प्रसिद्ध झाला. झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचा सांधा दुर्बिणीतून साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला, तिसऱ्याला फक्त कातडीवर चिरा दिल्या, आत काहीच नाही. दोन वर्षांनी तिन्ही गटांच्या वेदनेत फरक नव्हता. २०१३ मध्ये फिनलंडमध्ये गादी वयोमानाने फाटलेल्या १४६ जणांवर याच धर्तीचा अभ्यास झाला. तिथेही गादीचा तुकडा काढलेले आणि खोटं ऑपरेशन झालेले जवळजवळ सारखेच निघाले. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावात मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिनाभरात गुडघ्याचा त्रासच नव्हता. म्हणून पन्नाशीच्या काकूंच्या रिपोर्टमध्ये 'टेअर' शब्द दिसला की लगेच दुर्बीण, हे बरोबर नाही. त्यांना मांडीच्या व्यायामाचा आणि वजन उतरवण्याचा उपयोग जास्त होण्याची शक्यता असते.

तरुणांचं काय? स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या १२१ तरुणांपैकी निम्म्यांची लगेच शस्त्रक्रिया केली. उरलेल्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती सारखी होती आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून जास्त जणांना तोवर एसीएलचं ऑपरेशन लागलंच नव्हतं. यावरून एसीएलचं ऑपरेशनच नको असा अर्थ काढू नका. फाटकी गादी मध्ये अडकून गुडघा लॉक झाला असेल, सरळच होत नसेल, तर वाट बघण्यात नुकसान आहे. आणि ज्याला कबड्डी, कुस्ती किंवा खो-खो पुन्हा खेळायचा आहे, ज्याचा गुडघा वळताना दगा देतो, त्याला बंध सहसा नवा बांधावाच लागतो. भाचा याच दुसऱ्या प्रकारातला. फोटोतली फट आणि समोर बसलेला माणूस, दोन्ही एकत्र वाचता येणं हीच ती शिकवण.

दुर्बिणीचं आहे, तर दोन-तीन महिन्यांत मैदानात का नाही?

कोकणातल्या भाताची लावणी पाहिलीत? तरव्यातून उपटून खाचरात लावलेलं रोप आधी मान टाकतं, पिवळं पडतं. मग मूळ धरतं आणि पुन्हा उभं राहतं. ग्राफ्टचंही तसंच. जागेवरून काढलेल्या शिरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पहिल्या काही आठवड्यांनंतर ती उलट कमजोर होत जाते, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि तिचं बंधात रूपांतर होतं. याला कित्येक महिने लागतात. कठीण गोष्ट ही, की ग्राफ्ट कच्चा असतो त्याच काळात गुडघ्याची सूज-वेदना ओसरते आणि पोराला वाटतं, झालो बरा.

२०१६ च्या एका नॉर्वेजियन-अमेरिकन अभ्यासात असं दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा धोका सुमारे निम्म्याने कमी झाला. नऊ महिन्यांनंतरही कॅलेंडर पुरत नाही. मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी मोजून दुखरा पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के आला पाहिजे.

इथे माझी एक तक्रार आहे. भाच्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली, बोगदे योग्य जागी होते. पण घरी सोडताना मिळालेल्या कागदावर गोळ्यांची नावं होती आणि खाली दोन शब्द, 'व्यायाम करणे'. कोणता, किती, कुणाकडे, काही नाही. तो घरीच पाय उचलत राहिला आणि पाचव्या महिन्यात गुपचूप सरावाला गेला. सुदैवाने प्रशिक्षकांनी त्याला परत पाठवलं. नंतर फिजिओथेरपिस्टकडे नेला, तर उजव्या मांडीचा घेर डाव्यापेक्षा ३ सेंटिमीटर कमी भरला. क्रीडा दुखापतींचं चांगलं प्रशिक्षण सर्जनला टाके काढून झाल्यावरही रुग्णासोबत ठेवतं. फिजिओथेरपिस्ट, प्रशिक्षक आणि सर्जन एकाच वहीत लिहितात. ही वही जिथे नाही, तिथे चांगलं ऑपरेशनही अर्धवट राहतं.

मुलींच्या बाबतीत हे आणखी जपायला हवं. एकाच खेळात मुलांपेक्षा मुलींचा एसीएल तुटण्याचं प्रमाण जास्त आढळतं. उडीनंतर गुडघा आत न वळू देता कसं उतरायचं, हे शाळेच्या मैदानावरच शिकवता येतं आणि त्याला दुर्बीण लागत नाही.

मग डॉक्टरांना विचारायचं काय?

फार थोडं. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, आणि ही विद्या कुठे, कुणाच्या हाताखाली शिकलात? ऑपरेशन नाही केलं तर माझ्या गुडघ्याचं काय होईल? ग्राफ्ट कुठून घेणार आणि का? पहिल्या आठवड्यापासून नवव्या महिन्यापर्यंतचा व्यायाम कोण बघणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागा.

परवा भाच्याची चाचणी होती. व्यायामशाळेच्या फरशीवर चिकटपट्टीची रेघ, बाजूला टेप पसरलेला. डाव्या पायावर उडी मारली, १४८ सेंटिमीटर. उजव्या पायावर तीनदा मारली. सर्वांत लांब १३१. फिजिओ ताईंनी मोबाइलवर भागाकार केला आणि आकडा त्याच्यापुढे धरला. ८८ टक्के आणि थोडं वर. तो काही बोलला नाही. संध्याकाळी मैदानावर गेला, रेघेबाहेर खुर्ची टाकून बसला आणि सामना संपेपर्यंत गुणफलक लिहीत राहिला.